रविवारचा उपवास

स्पिरिटचा वास आला, की आईचा घामानं थंड पडलेला हात आठवतो. कोल्हापुरातला दवाखाना, आणि शिकाऊ नर्स इन्सुलिनची सुई धरून थबकलेली. मी घाबरलेलो, म्हणून खेकसलो, "डॉक्टरांनी लिहिलंय न्हवं? मग दे की." तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. "आजी, जेवलाय का?" आई पुटपुटली, "जोतिबाचा रविवार हाय, बाळ. ताट झाकून ठेवलंय." पोरीनं सुई बाजूला ठेवली आणि साखरपाणी आणायला धावली. वडीलही रविवार धरायचे. अशाच एका रविवारी दवाखान्यात इन्सुलिनची सुई घेऊन ते झोपले, ते उठलेच नाहीत. "वय झालं होतं," असं सांगून डॉक्टरांनी आम्हाला वाटेला लावलं होतं. मी व्यापारी माणूस, बाजारात कुणाला एक पैसा सोडत नाही. मग वडिलांना कुणी न विचारलेला तो 'जेवलाय का?' कसा सोडू?