नाथाजीचे दुधाचे कॅन

आष्ट्याचा नाथाजी जीपमधून डेअरीला दूध घालायचा. पंच्याण्णवच्या मे महिन्यात आम्ही चौघे त्याच्या जीपनं दुष्काळी माण तालुक्यात, गावातल्याच मित्राच्या लग्नाला निघालो, तर या बाबानं दुधाचे कॅन पाण्यानं भरून आत कोंबलेले. पाय पसरायला जागा नाही.

मी वैतागलो. “वऱ्हाडाची गाडी हाय का टँकर रं?”

“तिकडं पाणी न्हाई गड्या,” म्हणत त्यानं गिअर टाकला.

नवरीच्या आईनं, अंबूबाईंनी, कॅन उतरवून घेतले. त्याच पाण्यावर पंगती उठल्या.

निघताना रिकामे कॅन उचलायला गेलो, तर उचलेनात. आत काठोकाठ बाजरी.

“लेकीच्या सासरचं भांडं मोकळं कसं धाडू?” अंबूबाई म्हणाल्या.

येतानाही पाय आखडूनच बसलो. कुणी कुरकुरलं नाही.