हरणाऱ्याची जागा

“खेळ छान आहे, पण चौथा माणूस मोबाईल काढतो,” श्वेता मॅडम म्हणाल्या.

आम्ही व्हिडिओ कॉलवर होतो. त्या मुंबईत त्यांच्या खेळ छापणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात, मी डहाणूजवळ सरावलीला माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर. मी पाठवलेल्या टेस्टचा व्हिडिओ त्यांनी थांबवून दाखवला. तिघं जण पटावर वाकले होते आणि चौथे गृहस्थ खुर्चीत मागे रेलून मजेत रील बघत होते.

“कॅटलॉगमध्ये एक जागा मी तुमच्यासाठी धरून ठेवलीय,” त्या पुढे म्हणाल्या. “महिनाअखेरीला मी स्वतः डहाणूला येते आणि खेळून बघते. तेव्हाही असंच झालं, तर ती जागा दुसऱ्या खेळाला जाईल. मला वाईट वाटेल, पण जाईल.”

मी बोर्ड गेम बनवते. डहाणूत कुणाला हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, “मोबाईलवरचे?” नाही, पुठ्ठ्यावरचे, असं म्हटलं की समोरचा विचारतो, “मग त्यात बनवायचं काय?” त्यांचंही चुकत नाही. तोवर मी बिस्किटांच्या पुड्यात फुकट मिळणाऱ्या सापशिड्या बनवत होते. एका बँकेसाठी बचतीची सापशिडी, एका टूथपेस्टसाठी किडलेल्या दातांची सापशिडी. त्यावर कंपनीचं नाव असतं, साप-शिड्या मांडणारीचं नसतं. ‘दरबार’ हा माझा पहिला असा खेळ होता, ज्याच्या खोक्यावर माझं नाव येणार होतं. मला ते नाव हवं होतं. अगदी हावरटासारखं हवं होतं.

मॅडमची मागणी साधी होती: फाशांच्या गोष्टी आपल्याकडे घरोघर माहीत आहेत, तर त्यांवर चार जणांनी खेळायचा फॅमिली गेम बनवा. मी चार राज्यं केली. प्रत्येक राज्याकडे हत्ती. घरच्या नमुन्यात, म्हणजे प्रोटोटाइपमध्ये, हत्ती म्हणजे धुऊन वाळवलेल्या चिकूच्या बिया. काळ्या, तुकतुकीत, बोटांत छान बसतात. दरबारात बसायचं, हत्ती पणाला लावायचे, फासे टाकायचे. ज्याचं दान मोठं, त्याचे हत्ती.

आता यात गोची काय ते सांगते. ज्याच्याकडे हत्ती जास्त तो जास्त पणाला लावतो, म्हणून जास्त जिंकतो, म्हणून त्याच्याकडे अजून हत्ती येतात. आमच्या धंद्यात याला ‘रनअवे लीडर’ म्हणतात. पुढे गेलेला पुढेच पळतो आणि मागे पडलेल्याला अर्ध्या तासातच कळतं की आपलं काही खरं नाही. त्यानं मोबाईल नाही काढायचा तर काय करायचं?

अशा वेळी डिझायनर आधी दुसऱ्यांचे खेळ बघतो. मीही बघितले. उसने आणले, विकत घेतले, जे मिळाले नाहीत त्यांचे नियम वाचून काढले. परदेशी खेळ, आपले पट-सोंगट्या, कवड्यांचे खेळ. चिंचोका एका बाजूनं घासून पांढरा करायचा आणि असे चार चिंचोके फाशासारखे टाकायचे, हा खेळ तर मी उधव्याला माहेरी खेळतच मोठी झाले. मागे पडलेल्याला सावरायच्या युक्त्या सगळीकडे थोड्याफार सारख्याच निघाल्या. कुठे हरणाऱ्याला जादा दान देतात, कुठे पुढच्यावर कर बसवतात.

मी दोन्ही करून पाहिलं. टेस्टला आमच्या शेजारचे सावेकाका आणि काकू होते. काका रिटायर्ड बँक मॅनेजर, चिकूची वाडी आता मुलाकडे सोपवलेली, त्यामुळे वेळ भरपूर आणि स्वभाव कडक. ते मागे पडले तसा मी त्यांना नियमाप्रमाणे एक जादा फासा दिला.

“हे काय?”

“काका, तुम्ही मागे आहात ना, म्हणून बोनस.”

“मी काय लहान मूल आहे? लिंबूटिंबू आहे?” काकांनी फासा माझ्याकडे सरकवला. “हरू दे मला. पण दया नको दाखवू.”

नियम कागदावर बरोबर होता. माणसाला तो अपमान वाटत होता. आता यावर उपाय काय, ते कुठल्याच खेळात मिळेना.

म्हणून मी गोष्टींकडे वळले. तसंही खेळ गोष्टींवरच बेतायचा होता. जुन्या कथा, लोककथा, जुगाऱ्यांच्या गोष्टी, भुताशी फासे खेळणाऱ्यांच्या गोष्टी. मिळेल ते वाचलं. पहिले काही दिवस मजा आली, मग वीट आला. राजा बसतो, हरतो, पुन्हा टाकतो, पुन्हा हरतो. राज्य जातं, घर जातं, अंगावरचं जातं. लोक म्हणतात फासा वाईट. मला तसं दिसेना. फासा बिचारा पडायचा तसा पडतो. प्रत्येक गोष्टीत मला एकच माणूस दिसत होता, ज्याला उठता येत नव्हतं. आणि त्याच्या भोवती बसलेले ते मोठमोठे लोक. खाली माना घालून बसायचे, उसासे टाकायचे, पण एकानंही जाऊन त्याच्या दंडाला धरलं नाही. मला त्या सगळ्यांचा मनापासून राग आला. पण रागातून नियम निघत नाही. मी ते तसंच सोडून दिलं.

गणपतीला उधव्याला गेले. बरोबर ‘दरबार’ नेला होता. आमचं घर शेतकऱ्यांचं, भात-नागलीचं. लावणी होऊन गेलेली, कापणीला वेळ, त्यामुळे दुपारी माणसं मोकळी असतात. ओटीवर पट मांडला, मोबाईल खांबाला टेकवून रेकॉर्डिंग लावलं. खेळायला दिनेशदादा म्हणजे माझा भाऊ, त्याचे दोन मित्र, आणि माझे काका. काकांना दान देणारी देवी त्या दिवशी कुठे गेली होती कोण जाणे. बघता बघता त्यांच्यापुढे दोन बिया उरल्या.

वहिनी आतून हात पुसत आली. तिनं पटाकडे बघितलं, काकांकडे बघितलं.

“काका, उठा आता. मी बसते.”

काका उठले आणि वहिनी त्यांच्या जागी बसली. तिनं त्या दोन बिया आपल्यापुढे ओढल्या आणि फासे उचलले.

“वहिनी, थांब, थांब. असं नाय चालत,” मी म्हटलं. “हा चौघांचा खेळ आहे. ज्यानं सुरू केला त्यानंच संपवायचा. माझी टेस्ट चाललीय.”

“मग तू टेस्ट कर ना. आम्ही खेळतो.”

“पण काका हरत होते ते मला बघायचं होतं.”

“ते काय बघायचं, ताई? माणूस हरताना दिसतोय तर त्याला बसवून ठेवायचा?” तिनं दान टाकलं. चांगलं पडलं.

काका जाऊन गुरांना चारा घालून आले आणि दादाच्या मागे उभे राहिले. दादा पुढे होता. थोड्या वेळानं दादाच म्हणाला, “काका, तुम्ही बसा इथे, मला जरा पंपाकडे जायचंय.” काका थाटात दादाच्या राज्यावर बसले. मग एक शेजारी आला, तोही कुणाच्या तरी जागी बसला. मी कपाळाला हात लावला. चौघांनी सुरू केलेला खेळ संपवला भलत्याच चौघांनी. असा व्हिडिओ मॅडमना दाखवून काय सांगणार होते?

खरं तर यात मला नवीन काहीच नव्हतं. आमच्या ओटीवर चिंचोक्यांचा खेळ असाच चालायचा. जागा खेळाची असते, माणूस तिथे येतो-जातो. एखादा फार मार खायला लागला की कुणीतरी म्हणायचं, ऊठ, आता मी बसतो. तो उठायचा आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटायचा नाही. मी स्वतः कितीदा तरी उठले होते. पण डिझायनर झाल्यावर मी नियम वाचायला शिकले, आणि नियमांच्या पुस्तकात माणसं जागा बदलत नाहीत.

सरावलीला परत येऊन रेकॉर्डिंग बघितलं. पहिल्यांदा चिडून, दुसऱ्यांदा नुसतं, तिसऱ्यांदा खुर्चीतून उठून उभी राहून. पूर्ण खेळात कुणीही मोबाईल काढला नव्हता. उठलेला माणूससुद्धा लांब जात नव्हता. काका आपल्या जुन्या दोन बियांचं वहिनीनं काय केलं ते बघायला चार वेळा वाकून गेले होते. आणि मग मला गोष्टींमधले ते खाली माना घातलेले लोक आठवले. त्यांनी जे केलं नाही, ते माझी वहिनी हात पुसता पुसता करून गेली होती. माझा खेळ मला तिथे सापडला. मला इतका आनंद झाला की मी सावेकाकूंना जाऊन मिठी मारली. त्या म्हणाल्या, “अगं, झालं काय?”

अडचण एकच होती. उधव्याला ओटीवर बघणारे असतात. मुंबईच्या फ्लॅटमध्ये चारच माणसं आणि चौघंही खेळणारी. बदली बसणार कोण? मग मी जागांची अदलाबदल केली. एखाद्या राज्यात दोनच हत्ती उरले की बाकीच्यांपैकी कुणीही म्हणू शकतो, “ऊठ, मी बसतो.” समोरचा उठला तर तो याच्या भरल्या राज्यावर जाऊन बसतो आणि हा त्याच्या बुडत्या राज्यावर. बुडतं राज्य यानं वर काढलं तर याला एक मानाची सोंगटी. शेवटी हत्ती कुणी मोजायचे नाहीत, मान मोजायचे. म्हणजे श्रीमंत राज्यावर नुसतं बसून राहणाऱ्याला काही मिळत नाही. आणि उठायची सक्ती नाही. नाही म्हणता येतं. मात्र एखादं राज्य बुडालं, म्हणजे तिथले हत्ती संपले, की खेळ तिथेच संपतो आणि त्या जागेवर बसलेल्याचे सगळे मान जातात.

फोनवर मॅडमना सांगितलं. त्यांनी विचारलं,

“असं दुसऱ्या कुठल्या खेळात आहे?”

“मी बघितलेल्या एकाही खेळात नाही.”

“म्हणजे रिस्क आहे.”

“म्हणजे नवीन आहे,” मी म्हटलं. मला माझाच आवाज आवडला.

“बघू. मी येतेच आहे.”

मॅडम आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर मार्केटिंगचा निखिल होता. त्या दोघांसमोर सावेकाका आणि काकू बसले. ही ‘ब्लाइंड टेस्ट’ होती. म्हणजे खेळाडूंना फक्त नियमाचा कागद द्यायचा, डिझायनरनं कोपऱ्यात बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. काहीही झालं तरी नाही. खोक्यातून मी थोडीच बाहेर येऊन समजावणार आहे? मी कोपऱ्यात बसले आणि पदराचं टोक पिळत राहिले.

निखिल आधी बुडायला लागला. काकू म्हणाल्या, “ऊठ बाळा, मी बसते.” तो पटकन उठून काकूंच्या राज्यावर बसला आणि खूश झाला. काकूंनी ते राज्य वर काढलं, मानाची सोंगटी घेतली आणि नवऱ्याकडे तिरका कटाक्ष टाकला. माझा जीव भांड्यात पडायला लागला होता, तेवढ्यात मॅडमचे हत्ती जायला लागले.

दोन उरले तसे सावेकाका म्हणाले, “मॅडम, उठा. मी बसतो.”

“एक मिनिट. एक दान टाकू द्या.”

दान वाईट पडलं. पाळी फिरून आली. काकू म्हणाल्या, “तुम्ही माझ्याकडे या. मी येते तिथे.”

“नाही, आता पडेल. अजून एकच.”

निखिल हळूच म्हणाला, “मॅम, उठा ना.” मॅडमनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी फासे मुठीत घट्ट धरले होते. मी कोपऱ्यातून बघत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे माझा खेळ संपत होता. ज्या बाईनं निर्णय द्यायचा, तीच हरत होती, आणि चिडून हरत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, उठा हो. पण नियम माझाच होता.

मॅडमनी टाकलं आणि राज्य बुडालं. खेळ संपला.

काकू उगाच बिया गोळा करायला लागल्या. मॅडम फाशांकडे बघत बसल्या होत्या.

“तुम्ही तिघंही मला उठा म्हणत होतात,” त्या शेवटी म्हणाल्या. “मला ऐकू येत होतं सगळं. तरी मी उठले नाही.”

“होतं असं,” सावेकाका म्हणाले. त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदाच मऊपणा ऐकला.

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. “परत मांडा,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या खेळात त्या उठल्या. एकदा नाही, दर वेळी, आणि काकांना उठवून त्यांचं राज्य वरही काढलं. गाडीत बसताना मला म्हणाल्या, “कॅटलॉगची जागा तुमची. नाव मराठीत हवंय की इंग्रजीत?” मी म्हटलं, दोन्हीत. कशाला लाजायचं?

खोका आता दुकानात आहे. मी डहाणूच्या बाजारात गेले की मुद्दाम तो उचलून बघते. दुकानदाराला माहीत नाही आणि मी सांगतही नाही.

नवीन डिझायनर मला विचारतात, खेळ जमला हे ओळखायचं कसं? मी सांगते, जिंकलेल्याला कधी विचारू नका. त्याला कुठलाही खेळ चांगलाच वाटतो. हरलेला माणूस स्वतःहून “परत मांडा” म्हणाला, की खेळ छापायला पाठवा.