आलेखातला दुसरा उंचवटा

एका केसाच्या जाडीत शेकडो मावतील एवढे कण मोजण्यावर माझं घर चालतं. रायपुरात भनपुरीच्या पुढे आमची औषधांची प्रयोगशाळा आहे. जे औषध पाण्यात विरघळायला तयार नसतं, त्याचं आम्ही इतकं बारीक पीठ करतो की त्याचा हट्ट मोडतो. मग त्याचा थेंब पाण्यात पातळ करून त्यावर लेसरचा उजेड सोडायचा. कण जितके बारीक तितकी चुळबुळ जास्त, आणि त्या चुळबुळीवरून यंत्र माप सांगतं. आलेखावर एकच उंचवटा आला तर सगळं ठीक. शेजारी दुसरा उगवला, तर नको ते मोठे कण आहेत. बायकोला मी हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ रोज गच्चीवरून पुसते मी, बारीक काय असते ते मले नका शिकवू.

यंदा खंडेनवमीला मी यंत्राची पूजा केली. घरी विळी-कात्रीची होते, मग पोटापाण्याच्या यंत्रानं काय पाप केलं? उदबत्ती तेवढी टाळली, कारण मी शास्त्रज्ञ आहे. पाणी शिंपडायला बायकोनं घरून छोटी बाटली दिली होती. पण समोरच थेंब पातळ करायचं, अतिसूक्ष्म गाळणीतून काढलेलं पाणी होतं. अख्ख्या रायपुरात याहून शुद्ध पाणी कुठलं? देवाला उत्तमच द्यावं म्हणून झेंडूचं फूल त्यात बुडवून यंत्रावर, खुर्चीवर आणि स्वतःवरही शिंपडलं. झाकण लावून बाटली पाण्याच्या कपाटात जागेवर ठेवली. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो, हा नियम मात्र काटेकोर पाळला.

दसऱ्यानंतर एका तरुण सहकारी मुलीचं औषध तपासायला आलं. समता कॉलोनीत राहणारी, दोन वर्षं ते औषध बनवायच्या एकाच कृतीमागे लागलेली. ती कृती ठेवायची की गुंडाळायची, हे दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये ठरणार होतं. आलेखावर दोन उंचवटे आले. मी गंभीर चेहऱ्यानं तिला कण चिकटण्यावर व्याख्यान दिलं. तिनं हळूच विचारलं, सर, आधी नुसतं पाणी चालवून पाहिलं होतं का? ते रोज पाहायचं असतं. मी पाहिलं नव्हतं. म्हणून तिला सांगितलं, तू शाळेत होतीस तेव्हापासून मी हे यंत्र चालवतोय.

घरी जेवताना ही गोष्ट मी रंगवून सांगितली. बायकोनं शांतपणे विचारलं, "पूजेले पाणी कोणतं घेतलं होतं तुम्ही?"

"काहून?"

"मी दिलेली बाटली भरलीच्या भरली वापस आली म्हणून."

झेंडू बुडवलेली बाटली मी स्वतःच परत जागेवर ठेवली होती.

सकाळी लवकर निघालो. बेत सोपा होता: ते पाणी ओतून द्यायचं, नवीन पाण्यात मोजायचं आणि काल यंत्राचा मूड नव्हता म्हणायचं. पण ती माझ्याही आधी येऊन बसली होती, आपल्या कृतीत काय चुकलं ते लिहीत. पानं भरली होती. मग माझ्यानं ओतवलं नाही. तिच्यासमोर नुसतं पाणी चालवलं. दुसरा उंचवटा एकटाच डौलात उभा राहिला. नवीन पाण्यात तिचं औषध घातलं, तर एकच. मी झेंडूची हकीकत सांगितली. ती हसली नाही.

चूक नोंदवायचा फॉर्म भरताना मी लिहिलं की बाह्य सेंद्रिय कणांचा पाण्यात अनवधानाने शिरकाव झाला. तिनं वाचून कागद माझ्याकडे सरकवला.

"सर, सीधा लिखिए. फूल डुबाया था. इतने बड़े शब्दों में तो शक मेरी ही दवा पर जाएगा."

मी खोडलं. मी शुद्ध पाण्यात झेंडूचं फूल बुडवलं, असं लिहून सही केली.

प्रमुखांनी मीटिंगमध्ये ते दोनदा वाचलं आणि तिची कृती पुढे चालू ठेवली. मला फक्त पाण्याच्या कपाटाची चावी तिच्याकडे द्यायला सांगितली.