रायगडवाली आत्या

भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, की बायजाआत्या आपलं खळं पुन्हा एकदा शेणानं सारवून घ्यायची. नव्या माणसाला वाटावं, घरात लग्न निघालंय. लग्न नसायचं, रायगडाला जाण्याची बैठक असायची. दुसऱ्या दिवशी उन्हं कलली की गावातली दहा-पंधरा माणसं खळ्यावर गोल करून बसायची आणि मधोमध पाटावर बसून आत्या बोट उगारून सांगायची, "रायगडाला जायचं तर तीन गोष्टी संगं नको. पायात नवी वहान नको, पोटात मिरची नको आन् बाजूला सासू नको."

मी त्या गावात मास्तर म्हणून आलो तो दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधी. गाव किन्हवलीच्या पलीकडे, डोंगराला टेकलेलं. मी शहापुरात वाढलेला, म्हणजे गावाच्या मते मुंबईचाच. आत्याच्या ओटीवरच्या खोलीत माझं बिऱ्हाड होतं. पहिल्याच दिवशी नामा पाटलांनी तिची ओळख करून दिली ती अशी : "ही आमची बायजाआत्या. रायगड बघून आलेली. सगळ्या तालुक्यात दुसरी बाई दावा!" आत्यानं मान खाली घालून पदर सारखा केला. मला तो विनय वाटला.

तिची हकिगत गावात सगळ्यांना पाठ होती. नवरा मुंबईला गोदीत कामाला गेला. दोन वर्षं निरोप येत राहिले, मग बंद झाले. पुढच्या वर्षी एके दिवशी आत्यानं गाय शेजारणीच्या दावणीला बांधली, घराला कडी घातली आणि कुणाला न सांगता निघून गेली. आठ दिवसांनी परत आली. पाणवठ्यावर बायकांनी घेरलं, "कुटं गेली होतीस गो?" आत्या घागर घासत म्हणाली, "रायगडाला. महाराजांच्या समाधीला."

त्या दिवसापासून ती 'रायगडवाली' झाली. एकटी बाई आगगाडीनं, बोटीनं, मोटारीनं इतक्या लांब जाऊन आली याचा गावाला अभिमान होता. म्हशाच्या जत्रेत परगावचे लोकसुद्धा तिला गाठून वाट विचारायचे. आत्या सांगायचीही झकास. वर गेलं की वारा बाईमाणसाचं लुगडं कसं ओढतो, ढग पायाखालून कसे जातात, धनगरणी मडक्यात दही घेऊन कशा बसतात, अर्ध्या वाटेवर एक भलामोठा आंबा आहे, त्याच्याखाली चाळीस पायऱ्यांची विहीर आहे आणि तिचं पाणी पिऊन माणूस कसं ताजंतवानं होतं! शेजारची गंगू एवढं सगळं ऐकून शेवटी एकच प्रश्न विचारायची, "चाळीस पायऱ्या तू मोजल्यास?" आत्या म्हणायची, "तुज्यासारखी रिकामी नवते मी." मग एवढ्यावर दोघी आठवडाभर बोलायच्या नाहीत.

मी एकदा न राहवून म्हणालो, "आत्या, इथे समोर माहुलीचा किल्ला आहे. आधी तिथे का जात नाही सगळे?"

"माहुलीवर?" आत्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मास्तर, तिथं आमी लाकडं आणायला जातो."

बैठक उठली की सगळे शाळेत यायचे, तिथे नकाशाचं काम माझ्याकडे होतं. शाळेत ठाणे जिल्ह्याचा मेणकापडी नकाशा होता. रायगड पडला कुलाबा जिल्ह्यात. त्यामुळे नकाशा संपला की पुढे शाळेची भिंत सुरू व्हायची. नामा पाटील मुंबईपर्यंत नकाशावर बोट फिरवायचे, तिथून उतरून भिंतीवर यायचे आणि पोपडे निघालेल्या एका जागी थांबून हात जोडायचे. एका वर्षी मी सुट्टीत ती भिंत रंगवून घेतली, तर पाटील माझ्यावर रागावले होते.

असं सगळं जुळून आलं, शिधा ठरला, गुरं कोण सांभाळणार तेही ठरलं, की नेमकं आत्याचंच काहीतरी निघायचं. पहिल्या वर्षी तिची गाय गाभण होती. "गाभण गाय टाकून गेलं तर महाराज म्हंतील, जा बाय, आधी घर बघ." दुसऱ्या वर्षी म्हशाच्या जत्रेत खोंड न्यायचा होता. तिसऱ्या वर्षी मला तिनं बाजूला घेतलं, "मास्तर, पंचांग काढा. यंदा दिशाशूल असंल."

"आत्या, दिशाशूल वारावर असतो. एखादा दिवस टाळला की झालं."

"मग रोजचाच असंल," आत्या म्हणाली आणि गोठ्यात निघून गेली.

चौथ्या वर्षी लढाई पेटली होती. आत्याला आयतंच कारण मिळालं. "जर्मन बोटी बुडवतोय म्हंतात. मी काय, एकटं माणूस, बुडले तर बुडले. तुमी पोराबाळांचे." सगळ्यांनी माना हलवल्या. पण नामा पाटील त्या दिवशी उठून उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे धरलेले. म्हणाले, "आत्या, धरमतरच्या खाडीत जर्मन काय कोळंबी धरायला येतोय? आता कारनं पुरे. पुढल्या वर्साला मी हाय का नाय कुनाला ठावं? येत्या सोमवारी निगायचं."

आत्याचा चेहरा एकदम उतरला. मी समोरच बसलो होतो, म्हणून मला दिसला. बाकीचे शिध्याबद्दल बोलण्यात गुंतले होते.

सोमवारी आम्ही अकरा माणसं दोन बैलगाड्यांतून आसनगावला गेलो, तिथून गाडीनं मुंबईला. मुंबईत उतरल्यापासून आत्यानं पदर कपाळावर ओढून घेतला तो बोटीत बसेपर्यंत मागे केला नाही. मला वाटलं, गर्दीला बिचकली. बोट हलायला लागली तसे पाटील दोन्ही हातांनी कठडा धरून म्हणाले, "मास्तर, ह्यो रस्ता हलतोय!" धरमतरला उतरेपर्यंत त्यांनी कठडा सोडला नाही. गंगूनं मात्र वाटेतल्या प्रत्येक गोष्टीची आत्याकडे चौकशी केली. बोट अशीच होती का? मोटार हीच का? महाडला उतरलीस ती कुठं? आत्या दर वेळी सांगायची, "तवा अंधार होता." गंगूनं विचारलं, "चारी बाजूंनी?"

महाडहून पाचाडपर्यंत भाड्याची गाडी केली. मुक्कामाला एका शेतकऱ्याची पडवी मिळाली आणि सकाळी तांबडं फुटल्यावर आम्ही चढायला लागलो. वाट ठाऊक म्हणून आत्याला पुढे घातलं होतं. पहिल्याच फाट्यावर एकानं विचारलं, "आत्या, डावीकडं का उजवीकडं?"

आत्या क्षणभर थांबली आणि म्हणाली, "वर."

नशिबानं मागून एक धनगर येत होता. तो डावीकडे वळला, त्याच्या मागून आत्या वळली आणि आत्याच्या मागून आम्ही. ऊन तापलं. पाटील दर वीस पावलांवर बसायचे आणि विचारायचे, "आत्या, आंबा आला का गो तुजा?" अर्धी वाट गेली, तरी आंब्याचा पत्ता नव्हता.

"तोडला वाटतं मेल्यांनी," आत्या म्हणाली.

गंगू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आन् विहीर? विहीर बी तोडली?"

कुणीतरी हसलं. आत्या हसली नाही. महादरवाजाच्या आत गेल्यावर ती एका दगडावर मटकन बसली. "तुमी व्हा पुढं, मला जरा धाप लागलीय." बाकीचे पाटलांना हाताला धरून पुढे गेले. मी तांब्यातलं पाणी तिला द्यायला थांबलो. पाणी तिनं हातात घेतलं, पण प्यायली नाही.

"मास्तर, तुमी शिकलेले. खोटं बोलून समाधीला हात लावला तर काय होतं?"

ती इथे कधी आलीच नव्हती, हे मला तेव्हा समजलं. मी शेजारी टेकलो. तीच बोलत राहिली. त्या आठ दिवसांत ती मुंबईला नवऱ्याला शोधायला गेली होती. गोदीत विचारत विचारत त्याची चाळ सापडली. दार उघडं होतं. आत एक बाई चुलीशी बसली होती, तान्हं पोर मांडीवर होतं आणि तिचा नवरा त्या पोराला खुळखुळा वाजवून दाखवत होता. "त्यानं मला बगितलं नाय. मी बी हाक मारली नाय. जिन्यात येऊन बसले. पाय उचलंनात."

जिन्यात रडत बसलेल्या आत्याला खालच्या मजल्यावरच्या एका म्हातारीनं आपल्या खोलीत नेलं. ती म्हातारी रायगडाच्या पायथ्याची, मुलाकडे आलेली. आत्या काही खाईना, तिला झोप येईना. म्हातारीनं एका शब्दानं काही विचारलं नाही. सहा दिवस ती नुसती आपल्या गडाच्या गोष्टी सांगत राहिली. वारा लुगडं कसा ओढतो ते, दही, ढग. "म्हनली, चल माज्याबरोबर, समाधी बघ, मन हलकं होईल. पन माजी गाय शेजारी बांधलेली. परत आले. पानवठ्यावर बायांनी इचारलं, तवा काय सांगू? नवऱ्यानं टाकली म्हनू? तोंडातनं गडच आला."

"आणि आंबा, विहीर?" मी विचारलं.

"ती माजी," आत्या म्हणाली. "दर वर्साला तेच तेच काय सांगायचं?"

मला हसू आलं, आणि हसलो म्हणून लाजही वाटली. पण आत्याही ओल्या डोळ्यांनी हसत होती. मग ती पाणी प्यायली आणि पदर खोचून उठली.

समाधीपाशी सगळे आमच्यासाठी खोळंबले होते. पाटलांनी पागोटं काढून काखेत धरलं होतं. गावाहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेला झेंडूचा हार त्यांनी आत्यापुढे धरला. "तू आमची वाट दावनारी. हार तू घाल."

आत्यानं हात मागे घेतले. "नको पाटील. मी हितं कवाच आले नवते. आज पयल्यांदा येतेय. खोटं बोलले मी."

पाटील तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिले. एक बाई म्हणाली, "मग ते आठ दिस कुटं होतीस गो?" त्यावर पाटील एकदम भानावर आले आणि करड्या आवाजात म्हणाले, "ते इचारायचं नाय. महाराजांम्होरं कुनाच्या घरातलं काडायचं नाय." मग थोडा वेळ त्यांनी विचार केला. पाटील सावकाश विचार करणारे होते. विचार करून झाल्यावर त्यांनी आत्याला विचारलं, "पन तू आली नवतीस, तर आमाला हितवर आनलं कोनी?"

पाटलांनी हार तिच्या हातात कोंबला. आत्यानं तो दोन्ही हातांनी समाधीवर ठेवला आणि कपाळ टेकून बराच वेळ तशीच राहिली. तेवढ्यात मागून गंगूचा, जन्माचं सार्थक झाल्यासारखा आवाज आला, "म्हंजे विहीर नवतीच!"

आधी पाटील हसले. मग सगळेच हसायला लागले. समाधीजवळ असं हसावं की नाही कोण जाणे, पण कुणाला आवरेना. आत्या तर खाली बसून डोळे पुसत हसत होती.

गावी परतल्यावर आत्यानं गडाची गोष्ट सांगणं सोडलं. खरा गड बघितल्यावर तिला तो सांगता येईना. कुणी विचारलंच तर म्हणायची, "लई मोठा हाय. जाऊन या." लोकांची निराशा व्हायची. ते मग गंगूकडे जाऊ लागले. गंगू सांगायची आणि वर्षा-दोन वर्षांत तिच्या गोष्टीत एक वाघही आला. त्या वाघाबद्दल आत्या एका अक्षरानं काही बोलली नाही. नामा पाटील त्यानंतर तीन वर्षं जगले. आपण गड चढलो हे ते येईल त्याला सांगत, आणि दर वेळी, "बायजाआत्यानं नेलं," असंच म्हणत.

लढाई संपली त्या वर्षी माझी बदली टोकावड्याच्या शाळेत झाली. सामान बांधत होतो, तेव्हाच मुंबईहून आत्याच्या नावानं एक कार्ड आलं. मीच ते वाचून दाखवलं. नवरा इस्पितळात होता, फार दिवसांचा नव्हता. कार्ड त्या दुसऱ्या बाईनं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. 'तुमचं नाव काढतात, यावं,' एवढंच होतं. आत्यानं ते दोनदा वाचायला लावलं. मग ती आत गेली, लुगडं बदललं, गाय सोडून गंगूच्या दावणीला नेऊन बांधली.

गंगू दारात तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "कुटं निगालीस?"

आत्या रस्त्याच्या मधोमध उभी होती. समोरच्या ओट्यावर चार माणसं बसलेली होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मुंबईला. नवरा मरायला टेकलाय. दुसरी बाई केली होती त्यानं, तिच्याकडं हाय. तोंडात पानी घालून येते."

गंगूनं सूप खाली ठेवलं. आत गेली, पायांत वहाणा घालून, काखेत गाठोडं मारून बाहेर आली आणि सुनेला गुरांचं सांगून आत्याच्या पुढे चालू लागली.

"तू कुटं गो?" आत्यानं विचारलं.

"तुज्याबरोबर," गंगू मागे न बघता म्हणाली. "एकटी गेलीस तर परत येऊन काय सांगशील, कोन जाने!"

दोघी किन्हवलीच्या वाटेला लागल्या. शाळेच्या कोपऱ्यापर्यंत त्यांचं भांडण ऐकू येत होतं.