आंबेनळीच्या दरीतली पेटी

आंबेनळी घाटातली ती लोखंडी पेटी आठवली की आजही अंगावर काटा येतो. ऐंशीच्या दशकात मी पोलादपूर ठाण्यात फौजदार होतो. महाडला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते.

एके सकाळी सरकारी दवाखान्यातून डॉक्टरांचा निरोप आला. डोंगरवाडीतला एक शेळ्या पाळणारा माणूस मांडी भाजून आला होता. जखम खोल, काळी पडलेली. अंगातली चड्डी मात्र शाबूत. डॉक्टरांना संशय आला. मी जबाब घ्यायला बसलो.

"साहेब, इस्तवाजवळ गेलोच नाय," तो म्हणाला. घाटाखालच्या दरीत त्याला एक जड पेटी सापडली होती. कुलूप दगडाने फोडलं, तर आतून बोटभर चकचकीत तार निघाली. ती त्याने चड्डीच्या खिशात घातली. "पेटीवर पंख्याचं चित्र हाय, पिवळ्या रंगावर."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "पंखा नाही तो. किरणोत्सर्गाची खूण आहे. ती तार आता कुठे आहे?"

"घरात. कुडाला खोचलीय, बायको निजते तिथं."

मी जिल्ह्याला फोन केला. मुंबईहून तज्ज्ञ निघाले. तोवर घर रिकामं करायला मी शिपाई घेऊन वाडीवर गेलो. अंगणात त्याची म्हातारी आई भेटली. तिला हसू आवरत नव्हतं.

"सुनेला ओकाऱ्या होतायत, साहेब. नातू येणार माझा!"

दारात सून कुडाला टेकून बसली होती. तिने डोक्यावरचा पदर सावरला आणि केसांचा पुंजका तिच्या हातात आला. मी म्हणालो, "आई, आधी सगळे इथून लांब चला."

तज्ज्ञांनी लांब चिमट्याने तार उचलून शिशाच्या भांड्यात बंद केली. पाइपांचे वेल्डिंगचे जोड किरणांनी तपासायचं ते साधन होतं. त्याचा जोर ओसरला तरी ते घातकच राहतं; म्हणून मग ते मुंबईला परत पाठवायचं, तिथे ते कायमचं बंदिस्त ठेवायचं, असा नियम. महाडमध्ये हे काम करणारा ठेकेदार एकच. त्याच्या सुपरवायझरला ठाण्यात बोलावलं.

"आमचं सगळं मुंबईला गेलं, साहेब. रीतसर," तो बेफिकीरपणे म्हणाला.

मी आवाज चढवला नाही. ओरडलं की माणूस आतून कडी लावून घेतो. हवालदाराला खूण केली. त्याने दरीतून आणलेली पेटी टेबलावर ठेवली. सुपरवायझर खुर्ची पाडून थेट भिंतीला चिकटला.

"रिकामी आहे, तपासून आणलीय," मी म्हणालो. "पण तू का घाबरलास?"

मग तो बोलला. परवानगी, खास गाडी, सोबत माणूस, या सगळ्याचा त्याला कंटाळा आला होता. महाबळेश्वरला जाताना घाटात जीप थांबवून त्याने पेटी ढकलून दिली. "जुनं झालं होतं, साहेब. कामाचं उरलं नव्हतं."

शेळीवाल्याचा पाय कापावा लागला. सून वाचली, पण तिला दिवस गेलेच नव्हते. म्हातारीला ते मलाच सांगावं लागलं. सुपरवायझरला शिक्षा झाली.

नोकरीत मी खुनी पुष्कळ पाहिले. कुणाला मारायचं, हे खुन्याला निदान ठाऊक असतं. याला कुणालाच मारायचं नव्हतं. नकोशी वस्तू नजरेआड झाली की संपली, एवढंच त्याला वाटलं. पेटी ढकलल्यावर त्याने खाली वाकूनही पाहिलं नव्हतं.