आमच्या ह्यांचा पहिला फोन

चौदा वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्यानं मला पहिल्यांदा फोन केला, तेव्हा मी त्यांना पोलिसांत देण्याची धमकी दिली.

यात माझी चूक किती, ते तुम्हीच ठरवा. (आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते त्याच दिवशी ठरवून टाकलंय.) आमच्या ह्यांना जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे बोलताही येत नाही. लोणी देवकरला एका कारखान्यात ते फिटर आहेत. बिघडलेल्या मशीनवर नुसता हात ठेवून कुठं दुखतंय ते सांगतात. घरात आमचं सगळं बोलणं हातांच्या खुणांनी चालतं, आणि ते बाहेर असले की मोबाईलवर लिहून. रोज पाचच्या सुमाराला इंदापूरच्या स्टँडवर बारामतीची गाडी मिळाली की ह्यांचा मेसेज येतो, 'बसलो'. मग मी जळोचीत शिलाई मशीनवर निवांत होते. निवांत म्हणजे काय, काळजी जरा बारीक करते.

त्या दिवशी पाच वाजले, मेसेज नाही. सव्वापाच झाले, नाही. मी अकरा मेसेज टाकले. अकरांच्याही पुढं एकच टिक. एक टिक म्हणजे फोन बंद, आणि फोन बंद म्हणजे माझ्या डोक्यात थेट अपघात.

"आत्या, हायवेला काहीतरी झालंय बघा."

"बॅटरी संपली आसंल," आत्या शेंगा सोलत म्हणाल्या. "तू तुझं काम कर."

मी काम केलं. एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या लावल्या.

साडेपाचला फोन वाजला. अनोळखी नंबर. उचलला, तर पलीकडं गाड्यांचा गोंगाट आणि टक, टक, टक. कुणीतरी रिसीव्हरवर नख वाजवत होतं. "हॅलो, कोण बोलतंय?" टक, टक, टक. मी कट केला. परत आला, परत टकटक. तिसऱ्यांदा मी त्या टकटक करणाऱ्याला त्याच्या घरच्या संस्कारांबद्दल चार शब्द सुनावले, पोलिसांत देईन म्हणाले आणि फोन आदळला.

(इंदापुरात काय झालं होतं ते मला नंतर कळलं, तुम्हाला आत्ताच सांगते. हे कारखान्याकडून येणाऱ्या सोलापूरच्या गाडीतून स्टँडवर उतरले आणि त्यांची पिशवी वरच्या फळीवर बसून सोलापूरला निघून गेली. पिशवीत कारखान्यात बंद करून ठेवलेला मोबाईल, पाकीट, सगळं. मागून ओरडून गाडी थांबवायची सोय ह्यांच्याकडं नाही. त्यांनी दोघातिघांकडं खुणेनं मोबाईल मागितला. लोकांना वाटलं, वर्गणी मागतोय. एकानं तर हातावर रुपया ठेवला. स्टँडच्या कोपऱ्यातल्या चहाच्या टपरीवर नाणं टाकून बोलायचा एक जुना फोन अजून तग धरून आहे. तो रुपया ह्यांनी त्यात टाकला, मग शर्टच्या खिशातली चिल्लरही. मी उचलला की नाही, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. पण टकटक ऐकून बायको ओळखेल, असा त्यांचा विश्वास होता. चौदा वर्षांनंतरही!)

तिन्ही फोन वाया गेल्यावर ह्यांना ऐकू-बोलू येत नाही हे टपरीवाल्या तात्यांच्या लक्षात आलं. ह्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला सगळी हकीकत लिहून दाखवली, आणि तात्यांनी नंबर लावला.

आता माझ्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. आदल्याच आठवड्यात आमच्या महिला गटात एक मॅडम येऊन फसवणुकीचे फोन कसे ओळखायचे ते शिकवून गेल्या होत्या. मी पुढच्या रांगेत बसून वहीत मुद्दे उतरवले होते.

"ताई, तुमचं मालक आमच्याजवळ हायेत," पलीकडून आवाज आला. "काळजी करू नका."

मुद्दा पहिला. घरचा माणूस आमच्या ताब्यात आहे असं सांगतात.

"त्यांचं पाकीट गेलंय."

मुद्दा दुसरा. मग हळूच पैशांवर येतात. मी फोन स्पीकरवर टाकला आणि वही उघडली.

"त्यांना फोन द्या," मी दरडावून म्हणाले. मॅडमनी असंच म्हणायला सांगितलं होतं.

"त्यांना बोलता येत न्हाय, ताई."

म्हणजे चोरांनी पूर्ण चौकशी केली होती. "येत नसलं तरी द्या," मी म्हणाले. (या वाक्याचा अर्थ मला आजही सांगता येणार नाही.)

थोडी खुडबुड झाली, आणि मग एक आवाज आला. "आँ... मं... आँ..." मी हा आवाज घरात रोज ऐकते. पण फोनमधून तो कधीच आला नव्हता. समोर चेहरा नाही, हात नाहीत, नुसता आवाज. मला वाटलं, कुणाच्या तरी तोंडात बोळा कोंबलाय.

"दत्तूच हाय ह्यो," आत्या शेंगा टाकून उठल्या.

"आत्या, थांबा. हल्ली आवाज कॉम्प्युटरवर बनवतात."

"त्याचा आवाज कोण कशाला बनवंल? त्याला सोताला धड येत न्हाय."

मी त्यांना गप्प केलं आणि तात्यांना सांगितलं, मी सायबर पोलिसांत जाणार आहे, तुमचा नंबर माझ्याकडं आलाय. तात्या शांतपणे म्हणाले, "या की. पोलिसासंगं या. पण रुपया संपत आला, दुसरा टाकतो, तवर धरा."

दुसरा रुपया पडला तशी मला शेवटचा मुद्दा आठवला. घरच्या माणसालाच ठाऊक असेल असा प्रश्न विचारा. मी विचारला, "ते मला कोणत्या खुणेनं हाक मारतात, विचारा."

ऐकू न येणारी माणसं प्रत्येकाला एक खूण ठरवून देतात, तेच नाव. माझी खूण कपाळावर आहे. लग्नानंतर आत्यांनी तिचा अर्थ विचारला, तेव्हा मी लाजत सांगितलं होतं, "कुंकू." तेव्हापासून आत्या गावभर सांगत होत्या की माझा दत्तू बायकोला कुंकू म्हणतो.

तात्यांनी प्रश्न लिहून दाखवला असावा. जरा वेळानं ते म्हणाले, "ताई, ते दोन बोटांनी कपाळाची कातडी चिमटीत धरत्यात. आन् तोंड आसं करत्यात बघा, कारलं खाल्ल्यावानी. आठी म्हणायचंय जणू."

"तेच आहेत," मी म्हणाले आणि वही मिटली.

आत्या माझ्याकडं बघत होत्या. "तू तर कुंकू म्हणली व्हतीस."

इथं खरं म्हणजे सगळं संपायला हवं होतं. तात्या म्हणाले, "मी तिकिटाचं बघतो, कंडक्टरला सांगून ह्यास्नी बारामतीच्या गाडीत बसवतो. तुमी घरीच थांबा." मी बरं म्हणाले. पाच मिनिटं थांबलेही. मग डोक्यात आलं, गाडी बंद पडली तर? कंडक्टर विसरला तर? मी स्कूटर काढली. आत्या मागं बसल्या. त्यांना माझ्या भरवशावर मुलाला सोडायचं नव्हतं.

सणसरला थांब्यावर इंदापूरकडून आलेली एक एसटी उभी होती. आम्ही तिच्या शेजारून पुढं गेलो आणि आत्यांनी माझ्या पाठीत गुद्दा घातला. "थांब. खिडकीत दत्तू हाय."

"कशावरून?"

"दुसरं कोण एवढं हातवारं करतंय?"

मी ब्रेक लावला. तोवर हे गाडीतून उतरून पळत येत होते, चेहरा पांढराफटक. जवळ येताच त्यांनी हातांनी विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग दोघी इथं कशाला?"

"तुम्हाला घ्यायला."

त्यांनी मागं वळून पाहिलं. खिडकीजवळची जागा, तात्यांनी काढून दिलेलं तिकीट, सगळं घेऊन एसटी बारामतीकडं निघून गेली होती. आम्ही तिघं, आणि एक स्कूटर. आत्या मध्ये, हे मागं, मी हँडलवर. हात अडकल्यामुळे मला खुणा करता येईनात. घर येईपर्यंत धड माफीही मागता आली नाही.

पिशवी तिसऱ्या दिवशी सुखरूप परत आली. ती आणायला गेलो तेव्हा ह्यांनी स्टँडच्या कचेरीत एक अर्ज दिला. इथं असा फोन ठेवा, ज्यावर लिहिलेलं समोरच्याला वाचता येईल, किंवा पडद्यावर खुणा दिसतील. माझ्यासारखे पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाला तात्या भेटत नाहीत. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. कल्पना चांगली आहे म्हणाले, आणि चौकशीसाठी ह्यांना एक नंबर दिला. अधूनमधून फोन करत जा म्हणाले.

तात्यांनी मात्र कुणाची वाट पाहिली नाही. फोनशेजारी दोरीला वही आणि पेन्सिल बांधली. वर ह्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी लावली : 'ऐकू-बोलू न येणाऱ्यांनी वहीत लिहावे. फोन मी लावतो, बोलतोही मीच.' आता तिथं बरेच जण येतात. गळ्याच्या ऑपरेशनात आवाज गेलेले एक गुरुजी दर गुरुवारी मुलीला फोन लावायला येतात. आधीच्या लोकांचं शुद्धलेखन तपासतात, मग आपला मजकूर लिहितात.

मागच्या महिन्यात ह्यांचा मोबाईल खरोखरच बॅटरी संपून बंद पडला, आणि तात्यांचा फोन आला. या वेळी मी अगदी शहाण्यासारखी वागले.

"ताई, मालक म्हणत्यात, गाडी आली की येतो."

"जेवले का, विचारा."

"व्हय, जेवलो म्हणत्यात."

"डबा संपवला?"

"समदा. भाजी झकास व्हती."

"सकाळी डोकं दुखत होतं, ते?"

"थांबलं."

मला धीर आला. आत्या अंगणात आहेत हे पाहून मी आवाज खाली आणला. "माझी आठवण येते का, विचारा."

पलीकडं तात्या खाकरले. मग म्हणाले, "लई."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "आता कुठं बसलेत ते?"

"आता व्हय? गाडीत. स्टँडच्या भाईर पडली बघा गाडी."

"म्हणजे?"

"तुमी जेवणाचं इचारलं, तवाच गाडी लागली आन् ते पळालं. म्हणलं, तुमाला उगं घोर नको. म्हणून बाकीचं मीच सांगितलं."

रागवायला हवं होतं, ते कळत होतं. पण चौदा वर्षांत नवऱ्याकडून इतकी मनासारखी उत्तरं मला एकदाही मिळाली नव्हती.

"बरं तात्या," मी म्हणाले, "मला नवी साडी घ्यायची म्हणतेय. त्यावर ते काय म्हणतात?"