अस्वल मरायला तयार नव्हतं

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझी मुलगी कॅनडात राहायला गेली. तशी ती जर्मनीत, एर्लांगेनमध्येच होती, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. पण वाचनालयातून आणलेल्या एका जाडजूड पुस्तकात जी शिरली, ती बाहेर यायला तयार नव्हती. लहान मुलांसाठीचं जर्मन पुस्तक. फार पूर्वी एक कुटुंब बैलगाडीत संसार घालून कॅनडाच्या जंगलात जातं, ओंडक्यांचं घर बांधतं आणि बर्फात पहिला हिवाळा काढतं, एवढीच गोष्ट. परिणाम मात्र आमच्या घरात दिसायला लागले. मुलीने स्वतःच्या खोलीतलं हीटिंग बंद केलं. पोळीभाजी सोडून ओटची लापशी मागू लागली. शाळेत जाताना मधेच सायकल थांबवून ती लांडग्यांचा कानोसा घ्यायची.

त्याच सुमारास माझे सासरे साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. ते भूमी अभिलेख खात्यात होते. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या आणि बांधावरची भांडणं ऐकली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी कुठल्याही नव्या जागी गेले की आधी हद्द शोधायचे. आमच्या इमारतीचं आवार त्यांनी पहिल्याच सकाळी पावलं टाकून मोजलं. तळमजल्यावरच्या जर्मन आजींनी खिडकीतून ते पाहिलं आणि तुमच्या सासऱ्यांचं काही हरवलंय का, असं मला काळजीने विचारलं.

आजोबा आणि नात यांच्यात अडचण भाषेची होती. मुलीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर ती जर्मनमध्येच द्यायची. सासऱ्यांना जर्मनमधला ‘गेनाऊ’ एवढा एकच शब्द येत होता. त्याचा अर्थ ‘बरोबर’, पण ते तो नमस्कारासारखा वापरायचे. मग ठरलं असं, की रोज संध्याकाळी मुलगी पुस्तक वाचणार, मी वाक्यावाक्याला मराठी करणार आणि सासरे ऐकणार.

पहिल्याच प्रकरणात गाडी अडली.

“ही जमीन यांना दिली कुणी?” सासऱ्यांनी विचारलं.

“सरकारने, बाबा.”

“आणि सरकारला कुणी दिली?”

मुलगी बोट ओळीवर ठेवून थांबली होती. पुढे वाचू का, असं तिने जर्मनमध्ये विचारलं.

“थांब जरा. मोजणी कधी झाली? लगतच्या खातेदारांना नोटीस गेली का?”

नोटीस म्हणजे काय ते मी मुलीला समजावलं. ती म्हणाली, तिथे शेजारी कुणी नव्हतंच, नुसतं जंगल होतं.

“कुणी नाही असं कधी नसतं,” सासरे म्हणाले. “आपण मोजणीची साखळी टाकली की कुठून तरी माणूस उगवतोच.”

आणि खरंच, चौथ्या की पाचव्या प्रकरणात एक बाई उगवली. घरातलं बाळ तापाने फणफणलेलं असताना ती जंगलातून आली, झाडाच्या सालीचा काढा करून पाजला आणि निघून गेली. पुस्तकाने तिला अर्धं पान दिलं होतं, नाव दिलं नव्हतं. सासरे मांडीवर थाप मारून म्हणाले, “काय सांगत होतो? ही चालत आली, म्हणजे जवळच राहणारी. लगतची खातेदार ती हीच!”

गोष्टीत मात्र ते पुरते अडकले. बाप बर्फाच्या वादळात पीठ आणायला गावात गेला आणि प्रकरण तिथेच संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते, तर सासरे दाराशी उभे.

“पोचला का गं तो?”

“कोण?”

“अगं, पीठवाला!”

शेवटी मी पुस्तक पिशवीत टाकलं, ऑफिसच्या बसमध्ये पुढचं प्रकरण वाचलं आणि कॉफीच्या यंत्राशेजारून घरी फोन केला. “बाबा, पोचला तो. हो, पीठही आलं. हो, बैल धडधाकट आहेत.” माझा चेहरा बघून एका सहकाऱ्याने घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. मी म्हटलं, आमचं एक माणूस बर्फात अडकलं होतं, आता घरी पोचलं. तो म्हणाला, देवाची कृपा. ती होतीच.

मग शाळेत नाटक ठरलं. मुलीच्या वर्गशिक्षिकेने हेच पुस्तक पालकांसाठी करायचं ठरवलं. मुलीला आईचं काम हवं होतं. चिठ्ठ्या टाकल्या, तिला गाय आली. तिने निमूटपणे गाय स्वीकारली आणि सतत रवंथ करायला लागली. नाटकाच्या आदल्या आठवड्यात अस्वलाचं काम करणाऱ्या मुलाला कांजिण्या आल्या. तेव्हा गायीने शिक्षिकेला परस्पर सांगितलं, की माझे आजोबा दिवसभर मोकळेच असतात आणि त्यांच्या कानांवर केससुद्धा आहेत.

शिक्षिकेचा मला फोन आला. मी सासऱ्यांना विचारलं.

“काय करायचं असतं?”

“जंगलातून यायचं, गुरगुरायचं, मग बाप बंदूक झाडतो, की मरायचं.”

“बंदूक कशाला?”

“तुम्ही त्यांची गाय खायला आलेले असता, बाबा.”

“मी? अगं, मी अंडंसुद्धा खात नाही.”

पण नातीने आजवर त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. ते तयार झाले. तळमजल्यावरच्या आजींनी स्वतःचा जुना तपकिरी फरचा कोट दिला. सासऱ्यांच्या कानटोपीवर शिक्षिकेने दोन गोल कान शिवले. तालमीत ते फार व्यवस्थित मेले. आधी फरशी हाताने झाडली, गुडघ्यावर बसले, मग आडवे झाले.

नाटकाच्या दिवशी शाळेचा व्यायामाचा हॉल भरला होता. मी तिसऱ्या रांगेत. पुठ्ठ्याचं ओंडक्यांचं घर, बाजूला माझी मुलगी, अंगावर ठिपक्यांची चादर. अस्वल आलं. गुरगुरलं. पुढच्या रांगेतलं एक बाळ रडलं. कापसाची दाढी लावलेल्या बापाने काठी रोखली आणि ओरडला, “पेंग!” जर्मनमध्ये बंदूक अशीच वाजते.

अस्वल पडलं नाही.

“पेंग!” बाप पुन्हा म्हणाला.

“पेंग मला रोज दुपारी जेवल्यावर येते,” अस्वल खणखणीत मराठीत म्हणालं, “म्हणून मी मरतो काय?”

शिक्षिकेने माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. पेंगेचा विनोद जर्मनमध्ये सांगता येईना, म्हणून अस्वलाला झोप आलेली नाही एवढंच सांगितलं.

अस्वल घराच्या पुठ्ठ्याच्या भिंतीपर्यंत पावलं मोजत गेलं, परत आलं. “हे घर माझ्या हद्दीत आहे. लगतचा खातेदार मी. मला नोटीस आलेली नाही. आणि ती काढा देणारी बाई कुठाय? तिला का नाही घेतलं?”

मी सगळं भाषांतर केलं. मागच्या रांगेतला कुणाचा तरी बाप जोरात म्हणाला, “गेनाऊ!” सासऱ्यांनी तेवढं ओळखलं आणि त्याला हात जोडले. दाढीवाला बाप रडवेला होऊन काठीकडे बघत होता. तिच्यात बिघाड आहे असं त्याला वाटलं असावं.

तेवढ्यात गाय पुढे आली.

“आजोबा, मरा ना आता!”

मराठीत. मी खुर्चीत बसले. चार वर्षं शनिवारची मराठी शाळा, गोष्टी, गाणी, लाडू, धमक्या, सगळं करून जे तोंडातून निघालं नव्हतं, ते पन्नास जर्मन पालकांसमोर निघालं होतं.

“काय म्हणालीस?” अस्वलाने विचारलं.

“मरा ना! सगळे थांबलेत तुमच्यासाठी!”

“ऐकलंस का गं?” सासरे हॉलच्या पलीकडून मला ओरडून म्हणाले. “किती स्पष्ट बोलते!” आणि तोंडभर हसत, छातीवर हात ठेवून ते मेले.

घाईत आडवे झाल्यामुळे त्यांचा गुडघा धरला. उठता येईना. पुढच्या प्रवेशात बर्फ पडला, नाताळ झाला, कुटुंबाने शेकोटीभोवती गाणं म्हटलं आणि मेलेलं अस्वल मधोमध पडून ताल धरत राहिलं. पडदा पडल्यावर दोन पालकांनी त्यांना उभं केलं. मुलांनी घेराव घातला. ती बाई नाटकात का नाही, हे आता मुलंच शिक्षिकेला विचारत होती, आणि ती बाई राहत कुठे होती, हेही. शिक्षिका म्हणाल्या, सोमवारी वर्गात त्यावरच बोलू.

नवरा तेव्हा हॅनोव्हरला व्यापारी मेळ्यात कंपनीचा स्टॉल सांभाळत होता. मुलीने माझा फोन घेऊन त्याला लावला. नव्याने सापडलेली भाषा तिला वापरायची होती.

“पप्पा, आजोबा मेले! खूप उशिरा मेले, पण छान मेले!”

मी बूट घालत होते, तशीच एका पायात बूट घेऊन धावले. फोन हातात येईपर्यंत कट झाला होता. नंतर बराच वेळ त्याचा फोनच लागत नव्हता. लागला तेव्हा नवरा स्टेशनवर होता. साहेबांनी त्याला मिठी मारून घरी जायला सोडलं होतं, लोकांनी हात दाबले होते. मी म्हटलं, “अरे, बाबा इथे समोर सफरचंद खातायत.” तो म्हणाला, “त्यांना फोन दे.” सासऱ्यांनी तोंड पुसून फोन घेतला. “हां बोल. नाही रे, अस्वल. मी अस्वल होतो.”

तो परत स्टॉलवर गेला आणि अस्वल गेलं असल्याचं त्याला सगळ्यांना सांगावं लागलं. तोवर सहकाऱ्यांनी वर्गणी काढून अंत्यविधीसाठी फुलं मागवली होती. दुकानदार परत घेईना. म्हणून मेळा संपल्यावर नवरा पांढऱ्या शेवंतीचा भलामोठा गुच्छ घेऊन घरी आला.

“कुणाला रे एवढी फुलं?” सासऱ्यांनी विचारलं.

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मुलीने सांगून टाकलं, “तुम्हालाच, आजोबा. मेलात म्हणून.”

सासऱ्यांनी गुच्छ वास घेऊन पाहिला, देठ कापले आणि स्टीलच्या मोठ्या पातेल्यात पाणी घालून टेबलावर ठेवला. “चांगली टिकाऊ फुलं आहेत,” ते म्हणाले. “त्या लोकांना माझा नमस्कार कळव.”